लाळेचा निकाल

आईच्या क्रेपच्या, म्हणजे पातळ फ्रेंच धिरड्यांच्या दुकानात सोलेन तव्यापुढे उभी असे. पाळी आली की कळवळून खाली बसे. "झाली राणीसाहेबांची नाटकं सुरू! सगळ्याच बायकांना दुखतं," आई मारिवोन गिऱ्हाइकांदेखत म्हणे. सोनोग्राफीत कधीच काही सापडलं नव्हतं. पोटात दुर्बीण घालण्याआधी ब्रेस्त शहरातल्या डॉक्टरबाईंनी नवी तपासणी सुचवली. सोलेनने नळीभर लाळ दिली. आज निकाल ऐकायला आईही आली होती. "लाळेतल्या रेणूंमध्ये आजाराच्या खुणा स्पष्ट आहेत. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमचं दुखणं खरं होतं. आता उपचार करू." सोलेनला रडू आलं, पण ते सुटकेचं होतं. "ऐकलंस ना, आई?" पंचेचाळिशीची मारिवोन खुर्ची पुढे ओढून बसली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मलाही अगदी असंच दुखतं. म्हणून वाटायचं, सगळ्यांनाच दुखत असेल." सोलेनने तिचा हात धरला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "कधीपासून, मादाम?"