ताईने काढलेली आकृती

‘सर, तुमच्या नोट्सचा संदर्भ कसा द्यायचा?’ मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी भर वर्गात विचारलं. सर एकदम खूश! ‘प्रकल्पात इंटरनेटवरून काही घेतलं, की लेखक, तारीख, लिंक लिहायचीच. नाहीतर ती चोरी! नोट्स मात्र माझ्या स्वतःच्या, तिथे माझं नाव टाक.’

पण त्याच नोट्समध्ये ज्वालामुखीच्या आकृतीखाली लिहिलंय, ‘ही आकृती माझ्या ताईने काढून दिली.’ मला राहवेना. मी ते वाक्य इंटरनेटवर शोधलं, तर एका सातवीतल्या मुलीच्या ब्लॉगवर अख्ख्या नोट्स जशाच्या तशा! मग मी सरांच्याच नियमाने तिचं नाव, तारीख, लिंक टाकून प्रकल्प दिला.

सरांनी थेट आईबाबांना बोलावलं. ‘तेवढी एक लिंक काढायला सांगा, पैकीच्या पैकी देतो. नाहीतर शून्य.’

घरी येईपर्यंत बाबांचं एकच चाललं होतं, ‘काढून टाक ना गं, तुझं काय जातंय?’

‘माझं काहीच जात नाही, बाबा, तिचं जातं,’ मी दारातच जाहीर केलं. ‘मी शून्य घेणार. आणि तिला आजच कळवणार, की आमची अख्खी नववी तुझा ब्लॉग पाठ करते!’