सगळ्यात हलकं जॅकेट

डोंगरवाटा तुडवून म्हाताऱ्या झालेल्या वाटाड्यानं ट्रेकिंगच्या दुकानात फ्लीसची चौदा जॅकेटं खाली काढायला लावली. एकेक तळहातावर तोलायचा आणि म्हणायचा, "जड आहे." ढगाचा तुकडा कापून दिला असता, तरी त्यानं तो आधी तोलून बघितला असता.

दुकानदारानं हात टेकले. "काका, याहून हलका आता नुसता वाराच. चढायचाय तरी कुठला डोंगर?"

"डोंगर कसला रे बाबा. घरात हिला थंडी वाजते."

"मग काकूंना जाडजूडच न्या की."

म्हाताऱ्यानं पंधरावं जॅकेट उचललं.


"तीस वर्षं वीस किलोची सॅक घेऊन माझ्यापुढं चढायची. काल म्हणाली, अहो, अंगावरची चादर काढा, पेलवत नाही."