कडेचा डाग

"नारळ फुटल्याशिवाय मशीन चालू होणार न्हाई," दारात हात आडवा धरून बंकट म्हणाला. दिंद्रुडच्या शाळेत भरलेल्या नेत्रशिबिराची व्यवस्था त्याच्याकडे होती.

"मग फोडा की," मनकर्णा म्हणाली.

"उद्घाटनाला राजेश्वरअण्णा यायचेत. माजलगावहून निघालेत."

"अण्णा सावकाश येऊ द्या. माझ्या डोळ्यात औषध घालून बसवलंय तुमी. त्याचा असर अण्णांसाठी थांबतो का? अन् आमच्यात नारळ फोडत न्हाईत. सरा बाजूला."

ती आत शिरलीच. मशीनवर डोळ्यांचे फोटो काढणारी ईश्वरी शहरातून आली होती. तिने हसू दाबलं, नव्या मशीनवरचं प्लॅस्टिक काढलं आणि मनकर्णाची हनुवटी पट्टीवर टेकवली. एकेका डोळ्यासमोर उजेड चमकला.

"झालं, मावशी. डॉक्टर आले की सांगतील."

बाहेर येऊन मनकर्णा माठाजवळ गेली आणि तांब्यामागून तांब्या पाणी प्यायली.

"ऊन लई हाय," ती म्हणाली.

"तू थंडीतबी अशीच पितीस," तिचा नवरा शहादेव म्हणाला.

अण्णा आले. डॉक्टर विश्वेश्वर त्यांच्याच गाडीतून उतरले. अण्णांच्या पत्नी शिवम्मा यांनी मशीनची पूजा केली, बंकटने नारळ फोडला, भाषण झालं. मग रांग लागली आणि डॉक्टर शेजारच्या वर्गात कॉम्प्युटरवर फोटो बघायला बसले.

त्यांनी आधी मनकर्णाला बोलावलं.

"उजव्या डोळ्यात रक्ताचा डाग दिसतोय. कधी साखर तपासली?"

"चहात पडते तेवढी ठाऊक हाय."

डॉक्टर हसले नाहीत. "हे रक्त पसरलं तर डोळा जाईल. याच आठवड्यात औरंगाबादला जाऊन लेसर करून घ्या."

"शाळा उघडायच्या आत पोरांचे ड्रेस शिवून द्यायचेत मला. सगळ्या शाळेचं काम पहिल्यांदाच मिळालंय. अन् सकाळीच सुई ओवून आलेय मी."

"सुई मधल्या नजरेने ओवतात, बाई. तुमचा डाग पार कडेला आहे. तिथलं बिघडलेलं माणसाला कळत नाही. जुन्या कॅमेऱ्यालाही दिसलं नसतं. हा नवा कॅमेरा डोळ्याचा पडदा कडेपर्यंत दाखवतो."

"म्हंजे माझा डोळा, अन् मलाच न्हाई कळत. तुमच्या डब्याला कळतं."

"जाणार ना औरंगाबादला?" शहादेवने हळूच विचारलं.

"न्हाई."

ती बाहेर जाऊन व्हरांड्यात बसली. आत किराणा दुकानदार चन्नप्पांचे फोटो आले. डाग होता, दोन्ही डोळ्यांत. त्यांच्यामागच्या गुरुजींच्याही दोन्ही डोळ्यांत होता. मग अण्णा हौसेने बसले. त्यांच्या फोटोंतही तोच डाग, त्याच जागी.

"मलाबी लेसर?" अण्णांचा आवाज बारीक झाला.

डॉक्टर उठले. मशीनपाशी गेले, खिशातला रुमाल काढला आणि पुढची काच पुसली. रुमाल लाल झाला.

"काचेला कुंकू कुणी लावलं?"

शिवम्मांनी पदर सावरला. "कपाळ कुठं दिसंना. समोर काच हुती, म्हटलं हेच त्याचं तोंड."

सगळी शाळा हसली. अण्णा सर्वांत मोठ्याने हसले. डॉक्टरांनी हात वर केला. "आतापर्यंतचे सगळे फोटो बाद. पुन्हा काढल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही."

मनकर्णाने चप्पल पायात सरकवली. "चला वं. कपडे कापायचे पडलेत."

"डॉक्टर परत बसा म्हणतेत," शहादेव जागचा हलला नाही.

"रक्त म्हणले, निघालं कुंकू. आता आणिक काय निघायचं ऱ्हायलंय?"

फाटकापर्यंत चन्नप्पा मागे आले. "बाई, अण्णासुद्धा परत बसलेत. तुमीबी घ्या काढून. तुमाला काय सोनं लागलंय?"

मनकर्णा थांबली. माठ इथेही होता. तिने उभ्या उभ्या तांब्या रिकामा केला आणि तोंड पुसलं.

"मी कशापायी बसू परत? तुमी अण्णांची वाट बघत बसलात, म्हणून तुमचे फोटो बाद झाले," ती म्हणाली. "माझा तर कुंकू लागायच्या आधीच निघालता."