धायटी

जंगलातल्या पायवाटेवर ती थांबली आणि लाल फुलांनी लगडलेल्या झुडपाकडे बघत राहिली. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माझ्या बायकोला हल्ली चमच्याला काय म्हणतात तेही आठवत नसे.

तिने एक फूल तोडलं आणि देठाकडून चोखलं.

"धायटी," ती म्हणाली. "मध आहे, चाखून बघा."

माझे डोळे भरून आले. मला वाटलं, आली परत.

"आमच्या ह्यांना मेलं कधीच ओळखता येत नाही," ती हसली. "दरवेळी मुरुडशेंग म्हणतात." मग मूठभर फुलं तोडून तिने पदराच्या टोकाला बांधली. "मागून येतायत ते. आले की दाखवते."

ती दगडावर टेकली आणि आलेल्या वाटेकडे डोळे लावून बसली. मीही शेजारी बसून तिच्या ह्यांची वाट बघू लागलो.