दोन बोटं खाली

“आणखी खाली,” वेहबीकाका म्हणाले.

डॉक्टर बेल्कीसनं जांभळं पेन त्यांच्या कपाळावरून उचललं. “काका, याहून खाली रेषा काढली तर केस भुवयांना भेटतील.”

“भेटू द्या. फोटोत भेटतायतच.”

फोटोत चोवीस वर्षांचा वेहबी लग्नाच्या सुटात उभा होता. डोक्यावर काळंभोर रान. आता बहात्तराव्या वर्षी वर गुळगुळीत टक्कल होतं आणि मागं, या कानापासून त्या कानापर्यंत, करडी झालर. त्या झालरीतला एकेक केस मुळासकट उचलून पुढं लावायचा होता.

बेल्कीसला हे काम झोपेतही जमलं असतं. सहा वर्षं डॉक्टरकी, चार वर्षं त्वचारोग, मग अकरा वर्षं नुसते केस. त्वचारोगाच्या वॉर्डात तिचे म्हातारे सर शिकाऊ डॉक्टरांना हातमोजे काढायला लावत. डोळ्यांवर फार विसंबू नका, म्हणत, बोटांनी बघा. आणि केसांची रेषा वयाला शोभेल तिथंच काढायची, हा त्यांचा दंडक. सगळ्या इस्तंबूलमध्ये तो पाळणारे डॉक्टर मोजकेच उरले होते. आपण त्यांतली एक, याचा बेल्कीसला गर्व होता, आणि का नसावा.

“खरं सांगा, कुणासाठी चाललंय हे?”

“बायकोसाठी. ती मला ओळखत नाही. दिवसभर खिडकीत बसून विचारते, वेहबी कधी येणार? मी फोटो पुढं करतो, म्हणतो, हा बघ, हा मीच. ती फोटो बघते, मग मला बघते, आणि फोटो परत देते.” “तेवढे केस आले की पटेल तिला.”

बाहेर एप्रिलची सकाळ होती. समोरच्या टेकडीवर अर्गुवानची झाडं फुलली होती आणि त्यांचा गुलाबी रंग बॉस्फरसच्या पाण्यात उतरला होता. एक फेरीबोट त्या रंगातून सावकाश निघून गेली. अशा सकाळी माणूस पुन्हा चोवीस वर्षांचा होईलही, असं बेल्कीसला वाटलं. वेडेपणाच तो, पण वाटलं खरं. तिनं मनातल्या मनात सरांची माफी मागितली आणि रेषा दोन बोटं खाली काढली.

केस उचलण्याआधी सगळं डोकं भादरावं लागतं. नर्सनं मशीन फिरवलं, करडी झालर जमिनीवर पडली. पुढं सात तासांचं काम होतं. भुलीची सुई टोचण्याआधी काका म्हणाले, बायकोला सांगून येतो. तिला घरी एकटं ठेवता येत नसे, म्हणून ते तिला सोबतच घेऊन आले होते.

नेझाहतमावशी बाहेर चहा पीत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. ग्लास बशीत ठेवला. उठून त्या काकांजवळ आल्या आणि त्यांच्या भादरलेल्या डोक्यावरून तळवा फिरवला, मागून पुढं, मग पुन्हा मागं.

“वेहबी,” त्या म्हणाल्या, “पलटणीतून कधी आलास? पत्र तरी टाकायचंस.”

विसाव्या वर्षी, साखरपुडा होऊन महिना झाला नाही तोच, सैन्यात भरती होताना काकांचं डोकं असंच भादरलं होतं. पुढची दोन वर्षं ती त्यांची वाट बघत खिडकीत बसली होती. फोटोतला नवरदेव तिच्यासाठी अजून यायचाच होता.

“दहा दिवसांची रजा आहे,” काका म्हणाले.

“आणि कपाळाला हे काय फासून घेतलंस?” मावशींनी पर्समधून कलोनची बाटली काढली, रुमाल भिजवला आणि जांभळी रेषा घासून घासून पुसून टाकली. बेल्कीस दारात उभी होती. तिनं अडवलं नाही. तिला रडू येत होतं.

मग मावशींनी काकांना जवळ ओढलं आणि आवाज खाली आणला.

“एक सांगू? घरी एक म्हातारा असतो. कुठून आलाय, ठाऊक नाही. पण रोज मला चहा करून देतो, माझी वेणी घालतो. तू आलास म्हणून त्याला घालवून देऊ नकोस हं.”