पाठीला सांगितलेलं

म्हातारी मटार सोलत होती. दाणे केराच्या डब्यात पडत होते आणि सालं पातेल्यात. सुनेनं थोडा वेळ पाहिलं, मग पातेलं काढूनच घेतलं.

"आई, एकदा मनसोक्त रडून घ्या बघू. मोकळं वाटेल."

"येतच नाही गं. मला काय हौस आहे?" म्हातारी म्हणाली, आणि तिची बोटं नुसतीच सोलत राहिली.

नवरा याच आठवड्यात गेला होता. माणूस नौदलातला. जन्मभर जहाजाच्या पोटात बसून, कानाला हेडफोन लावून पाण्याखालचे आवाज ऐकायचं काम. पाणबुडी कुठे दडलीय ते हा कानानं ओळखायचा. निवृत्त झाल्यावर थापांना नुसता ऊत आला. म्हणे देवमासा शिंकला, तर कप्तानाची टोपी उडून शेजारच्या देशात पडली! म्हणे कोळंबीला सर्दी झाली तरी मला आवाजावरून कळायचं! आणि नेमके तेच कान गेले. डॉक्टरकडे चला म्हटलं की दुसरीकडे बघायचा.

म्हातारीची जीभ भारी तिखट. लग्न झाल्यापासून नवऱ्याला एक गोड शब्द मिळाला असेल तर शपथ. पण त्याला ऐकू येईनासं झालं आणि हिचं आत काहीतरी सैल झालं. तो गॅलरीत पाठ करून बसायचा. ही मागे उभी राहून कपड्यांच्या घड्या घालायची आणि त्याच्या पाठीला सांगायची. तुम्ही बोटीवर असलात की मी तुमचा सदरा उशाला घेऊन झोपायचे. तुमच्या थापा मला फार आवडतात हो. माझ्याआधी जाऊ नका. पाठ हलायची नाही. मग ही आणखी धीट व्हायची.

"सगळं सांगितलं गं मी," ती सुनेला म्हणाली. "पण भिंतीला सांगितल्यासारखं. एक अक्षर कानावर न पडता गेले ते. बायको सदा वसवस करायची, एवढंच घेऊन गेले."

बेल वाजली. दारात त्याचा बोटीवरचा जुना दोस्त, काठी टेकत आलेला. आत येऊन बसला, पाणी प्यायला.

"वहिनी, अजून खरं वाटत नाही. परवा रविवारी तासभर फोनवर बोललो की आम्ही."

सुनेच्या हातातलं पातेलं तिरपं झालं. "फोनवर? पण काका, बाबांना तर ऐकू..." सासऱ्यासमोर आपण आजवर काय काय बोललोय, ते तिला एका दमात आठवलं असावं. ती खालीच बसली.

"त्याला? बागेतल्या बाकावरून लावायचा फोन. मी हळू बोललो तरी वर मलाच म्हणायचा, ओरडतोस काय गाढवा!"

म्हातारीची बोटं थांबली. "मग घरात हे सोंग कशाला?"



"मीही तेच विचारलं, वहिनी. तर म्हणाला, 'कुठे बोलू नकोस. मला ऐकू येतं हे कळलं, तर ती बोलायची थांबेल.'"