डाव्या बाजूचा कापूस

त्या शेवटच्या साध्या दुपारी आई शिवणकामाच्या कापडी पुतळ्यावर स्वतःचा ब्लाउज चढवून बघत होती. कॅन्सरनंतर बसवलेलं इम्प्लांट काढल्यापासून तिची डावी छाती आत गेली होती, कातडीला चुण्या पडल्या होत्या.

"डावीकडे उभारासाठी टक्स नकोत आता. तेवढंच काम वाचलं," ती हसली. मग डाव्या छातीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "बघतेस का गं? एकदाही बघितलं नाहीस तू."

"नंतर बघते," मी नेहमीसारखं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती झोपेतून उठलीच नाही.

महिन्याभराने खोली आवरायला घेतली, तर पुतळ्याची डावी छाती खचलेली. मी शिवण उसवून कापूस भरला आणि घट्ट टाके घातले. सकाळी ती बाजू पुन्हा आत गेली होती. माझा एकही टाका सुटला नव्हता. कापडावर मात्र बारीक चुण्या होत्या, आणि हात लावला तर त्या कोमट लागल्या.

मी घाईघाईने पुतळ्याला आईचा ब्लाउज घातला, सगळे हुक लावले आणि दाराकडे वळले.

मागे एक हुक सुटल्याचा आवाज झाला. मग दुसरा.

वळून न बघता मी मोठ्याने म्हणाले, "आई, मला नाही गं बघवत."